रात्रीच्या आवाजांची तहकीकात

पाथरीला मी बायकोसोबत ज्यांच्या घरी दोन खोल्या घेऊन राहत होतो, ते तहसील कचेरीत कागद पेश करणारे पेशकार होते. म्हणजे होऊन गेले होते. निजामाच्या राज्यात नोकरी संपली की माणूस वजिफ्यावर, म्हणजे पेन्शनीवर जाई, पण हुद्दा काही त्याला सोडून जात नसे. सगळं गाव त्यांना पेशकारसाहेब म्हणे. घरात काकूही पेशकारसाहेबच म्हणत. मी तिथल्या सरकारी शाळेत मास्तर होतो. शाळेत इतिहासापासून हिशेबापर्यंत सगळं उर्दूत चाले आणि मराठीचा तेवढा एक तास माझ्या वाट्याला येई. त्यामुळे गावात मला फारसं कुणी मोजत नसे, आणि पेशकारसाहेबांना ऐकून घेणारा रिकामा माणूस हवाच होता. आमचं जमलं.

या गृहस्थांना रात्री झोप येत नसे. तशी झोप न येणारी माणसं जगात थोडी नाहीत. कुणी तळपायाला तेल चोळून घेतं, कुणी दूध पितं, कुणी देवाचं नाव घेत पडून राहतं. पेशकारसाहेबांचं म्हणणं निराळं होतं. त्यांच्या झोपेत काही खोट नव्हती; गाव तिच्यावर रोज रात्री दरोडा घालत होतं. आणि दरोडा पडला की तहकीकात व्हायलाच पाहिजे.

म्हणून सकाळचा चहा झाला की ते शेरवानी चढवत, गळ्यापर्यंत गुंड्या लावत, काठी घेत आणि मला हाक मारत.

"मास्तर, रात्री तीन आवाज झाले. दोन तर मालूम हैत. तिसऱ्याची तहकीकात करायचीय. चला."

मी शाळेची वेळ सांगे. "शाळा कुठं पळून जायलीय?" असं म्हणून ते पुढं होत. वैशाखाच्या उन्हातसुद्धा शेरवानी अंगावरून उतरत नसे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "सदरा घालून गेलं की लोकांना वाटतं, म्हातारा तक्रार करायलाय. शेरवानी घातली की वाटतं, सरकारी चौकशी आली."

एकदा कुंभाराच्या दारात उभं राहून त्यांनी विचारलं, "रात्री तुमचं गाढव कोणत्या कारणानं ओरडलं?"

कुंभार चिखल तुडवत होता. तो थांबला. "गाढवच हाय साहेब ते."

"ते खरं. पण कारण?"

शेरवानीपुढं कारण नाही म्हणायची त्याची हिंमत होईना. त्यानं मनापासून विचार केला. "थंडी वाजली आसंल."

"वैशाखात?"

"मंग कुनाची तरी याद आली आसंल."

पेशकारसाहेबांचं समाधान झालं. परत येताना मला म्हणाले, "कारण मालूम झालं की अर्धा आवाज कमी होतो." उरलेला अर्धा त्या रात्री नेहमीच्या वेळेला झाला.

कुत्री भुंकतात ती उपाशी असतात म्हणून, असा शोध त्यांना एका उन्हाळ्यात लागला. काकूंनी रोज संध्याकाळी भाकऱ्या टाकायच्या ठरलं. आमच्या गल्लीतली कुत्री खरोखरच सुस्त झाली, पण भाकरीची वार्ता सगळ्या पाथरीत पसरली आणि बाहेरगल्लीच्या कुत्र्यांनी येऊन जो दंगा मांडला, तो निस्तरायला महिना गेला. मग गस्तीच्या शिपायाचं प्रकरण. हा शिपाई रात्री कोपऱ्याकोपऱ्यावर "होशियार!" अशी आरोळी ठोकी. पेशकारसाहेबांनी त्याला दिवसा गाठून समजावलं, की आम्ही होशियारच आहोत, आमच्या दारापुढं जरा हळू ओरडत जा. शिपाई गरीब आणि आज्ञाधारक होता. त्या रात्री तो खिडकीशी आला आणि तोंडाला हात लावून, कानात सांगावं तसं म्हणाला, "साहेब, होशियार." पेशकारसाहेब खाटेवरून खाली आले. "चोर! चोर!" असे ते इतक्या जोरानं ओरडले, की दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतले चारपाच जण त्यांच्याचकडं तहकीकातीला आले.

घराच्या जाड भिंतीत ज्वारी साठवायचं बळद होतं. ज्वारी संपल्यावर एकदा ते उशी घेऊन त्यात जाऊन निजले. आत बाहेरचं काहीच ऐकू येत नव्हतं. सकाळी डोळे लाल करून बाहेर आले आणि म्हणाले, "मास्तर, आत आपल्याच छातीचा आवाज यायलाय. आता याची तक्रार कुठं करावी?"

काकूंची गोष्ट उलट. त्या पाठ टेकली की झोपत. याचा पेशकारसाहेबांना राग होता. आपल्या वाट्याची झोपही ही बाई घेते, असा काहीसा. "हिला काही ऐकूच येत न्हाई," ते माझ्यापुढं म्हणत. काकू आतून सांगत, "येतं की. तुमचं उठणं, बसणं, तांब्या आपटणं, सगळं ऐकू येतं. मी म्हणते, हायत घरात. आन् झोपते."

पण हे सगळे किरकोळ गुन्हेगार. खरा आरोपी गल्लीच्या मागं होता. तिथं आबांचा मळा होता. आबा आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून राहत. उन्हाळ्यात दिवसा बैल तापतात म्हणून त्यांच्या उसाला रात्रीची मोट असे. बैल धावेच्या उतारावरून खाली गेले की भरलेली मोट विहिरीतून वर येई, आणि तिचं लाकडी चाक असं काही कुरकुरे की ऐकणाऱ्याचे दात आंबावेत. मोट वर येताना कुरकुर, रिकामी होऊन खाली जाताना कुरकुर, रात्रभर. मला त्याची सवय झाली होती. पेशकारसाहेबांनी सवय करून घ्यायला साफ नकार दिला.

आबांकडं जाऊन दोन शब्द बोलणं हा सोपा मार्ग होता. तो त्यांनी घेतला नाही. "मोठ्या माणसाला विचारलं की काम अडतं," हा त्यांचा कचेरीतला अनुभव. "काम ज्याच्या हातात असतं, त्यालाच सांगावं." मोट आबांच्या सालगड्याच्या हातात होती. त्याचं नाव सटवा. पोखर्णीकडचा, चाळिशीला टेकलेला, मिशांचे आकडे आणि बोलणं बेतास बात. बायको आणि दोन लेकरं गावाकडं; त्याच्या सालाच्या ज्वारीवर ती जगत. नुकताच पाडवा झाला होता आणि सटवानं आबांकडं नवं साल, म्हणजे पुढच्या वर्षाची चाकरी, धरलं होतं.

एका दुपारी पेशकारसाहेब शेरवानी घालून मळ्यात गेले. हातात गाडीच्या वंगणाचं नळकांडं, त्यात एरंडेल आणि काजळी. सटवा झाडाखाली बैलांना कडबा टाकत होता. चाकाला वंगण घालायचं आहे, असं यांनी सांगितलं. मालकाला माहीत आहे का, हे त्यानं विचारलं नाही. शेरवानी घातलेला माणूस स्वतःच्या हातानं वंगण घालायला येतो, तेव्हा ते वरूनच ठरलं असणार, अशी त्याची समजूत झाली. दोघांनी मिळून चाकाचा कणा चांगला न्हाऊ घातला. परत आले तेव्हा पेशकारसाहेबांच्या शेरवानीला काळे डाग होते आणि चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला आनंद होता.

त्या रात्री ते झोपले. असे झोपले, की ऊन ओट्यावर आलं तरी उठेनात. काकू घाबरून मला बोलवायला आल्या. आम्ही दोघं खाटेशी उभे राहून त्यांचा श्वास बघत होतो, तेवढ्यात गल्लीत आरडाओरडा सुरू झाला आणि ते दचकून उठले. "कोण ओरडायलंय?" शेरवानी चढवून, गुंड्या लावत ते निघाले. मी मागं.

आबा त्यांच्या ओट्यावर उभे होते. समोर सटवा, खाली मान घालून.

"रातभर चाकाचा आवाज न्हाई! झोपला व्हतास का मेला व्हतास?"

"झोपलो न्हाई मालक. सरी सरी पानी फिरवलंय. चला, ऊस बघा."

"ती वल कालची हाय. मला शिकवायलास का? चल, नीघ. तुझं साल मोडलं."

गल्ली गोळा झाली होती. पाडवा होऊन गेलेला. ज्याला त्याला त्याचा गडी मिळालेला. आता मध्येच साल मोडलेल्या माणसाला पुढच्या पाडव्यापर्यंत कुणी दारात उभं करणार नव्हतं, आणि हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होतं. पोखर्णीकडची दोन लेकरं काय खातील, ते मात्र कुणी बोललं नाही.

पेशकारसाहेबांनी काठी टेकली. तहकीकातीला आलेला माणूसच मुलजिम, म्हणजे आरोपी, निघाला होता. पण एक सांगतो, त्यांनी क्षणाचाही वेळ लावला नाही.

"आबा, वंगण आमी घातलं."

"तुमी?" आबा बघतच राहिले. "तुमचा काय संबंध?"

"आवाजानं आमाला झोप येत न्हवती."

"आन् मला त्या आवाजाबिगर येत न्हाई, त्येचं काय?" आबा खरोखर रडकुंडीला आले होते. "चाक बोलायलंय तवर गडी जागा हाय, बैल चालू हायत. मंग मी कशाला जागू? माझा बाप बी असाच झोपायचा. आमच्या चाकाला कदी कुनी वंगन लावलं न्हाई!"

पेशकारसाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. वर्षानुवर्षं ज्या आवाजानं ते जागे राहिले, त्याच आवाजावर चार घरं पलीकडं एक माणूस सुखानं घोंगडी ओढत होता. हे त्यांच्या कुठल्याच तहकीकातीत निघालं नव्हतं.

"चूक आमची हाय," ते म्हणाले. "सटवाला कामावर घ्या."

"परक्या मानसाला चाकाला हात लावू दिला, ती त्येची चूक न्हाई? आन् मी एकदा जा म्हनलं म्हंजे जा." आबा मनानं वाईट नव्हते. पण गल्लीसमोर बोललेला शब्द मागं घेणं त्यांना जमणारं नव्हतं. ऊस बघायला तेवढे ते गेले नाहीत.

पेशकारसाहेबांनी सटवाला घरी आणलं आणि काकूंना सांगितलं, "हा आपला सालगडी."

"गडी?" काकू म्हणाल्या. "आन् शेत कुठाय?"

शेत नव्हतंच. पेशकारसाहेबांच्या मालकीची जमीन म्हणजे परसातला तुकडा, त्यात एक तुळस आणि एक बोरीचं झुडूप. पण पोखर्णीला ज्वारी वेळच्या वेळी जाऊ लागली. सटवानं पहिल्या आठवड्यात पाणी भरलं, माळवदावर पांढरी माती टाकली, दारं घासली, माझीही खोली सारवली. मग काम संपलं. तेव्हा त्यानं परस खणून सऱ्या पाडल्या आणि भेंडी लावली. तुळशीभोवती त्यानं जे आळं केलं, त्यात उसाचा फड भिजला असता. रिकामा बसलेला शेतकरी बघवत नाही. तो संध्याकाळी मळ्याच्या बाजूला तोंड करून बसे.

रात्री तो ओट्यावर निजे, पेशकारसाहेबांच्या खिडकीखाली. आणि तो घोरत असे. मी आजवर पुष्कळ घोरणं ऐकलं आहे, पण हे खोल विहिरीतून वर यायचं, काठाशी येऊन अडायचं आणि मग सगळं एकदम ओतलं जायचं. पहिल्या रात्रीनंतर मी सकाळी वाट बघत बसलो, की आता शेरवानी निघणार. निघाली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

"रात्री काही आवाज?" मी मुद्दामच विचारलं.

"कसला आवाज?" पेशकारसाहेब म्हणाले आणि पाठ फिरवून बसले. त्यांनी तक्रार सोडली होती. कुंभाराचं गाढव ओरडलं तरी ते जागचे हलत नसत. आपल्या तक्रारीनं एका माणसाचं साल गेलं, हे त्यांच्या जिवाला फार लागलं होतं. मला तोपर्यंत या म्हाताऱ्याची गंमत वाटायची. त्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्याबद्दल आदर वाटू लागला, आणि तसं मी घरीही बोलून दाखवलं.

इकडं आबांनी सासुरवाडीकडचा एक गडी आणला. चाकाच्या कण्यावरचं वंगण राखेनं खरडून काढलं. चाक पुन्हा बोलू लागलं, आबा पुन्हा झोपू लागले, आणि महिन्याभरात त्यांचा ऊस पिवळा पडायला लागला.

एका सकाळी आबा आमच्या ओट्यावर आले. त्या भांडणानंतर पहिल्यांदाच. पेशकारसाहेबांनी शेरवानी मागवली नाही, सदऱ्यावरच बसले. आबा बराच वेळ पावसाचं बोलले. मग म्हणाले, "पेशकारसायेब, रातभर चाक बोलायलंय आन् ऊस वाळायलाय. सासुरवाडीचा गडी हाय, त्येला काय इचारता बी येईना. तुमी तर रातभर जागेच असता. काय इपरीत ऐकलं का?"

परसात सटवा भेंडीला पाणी घालत होता, त्याच्याकडं पेशकारसाहेबांनी एकदा पाहिलं.

"आबा, महिना झाला, तुमची मोट वर येतच न्हाई."

"चाक तर बोलायलंय."

"बोलायलंय. पण भरलेली मोट वर येताना चाक जड बोलतं, लांबून लांबून. मग पाणी पडतं, त्याचा आवाज येतो. रिकामी खाली जाताना हलकं बोलतं, भराभर. आता महिनाभर आमी एकच बोलणं ऐकायलो. जाताना तेच, येताना तेच. आन् पाणी पडल्याचा आवाज एकदाबी न्हाई."

आबांचं तोंड उघडं राहिलं. "मंग सांगितलं का न्हाई?"

"तक्रार करायची सोडली आमी."

जन्मभर त्यांनी साऱ्या गावाला तक्रारींनी बेजार केलं, आणि जी एक तक्रार कुणाच्या उपयोगाची होती, तेवढीच नेमकी गिळली. आबांनाही ते कळलं असावं, कारण ते तसेच उठून गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आबा न सांगता मळ्यात पोचले. बैल दावणीला रवंथ करत होते. चाकाच्या एका आऱ्याला दोरी बांधलेली होती, आणि दोरीचं दुसरं टोक सासुरवाडीच्या गड्याच्या पायाच्या अंगठ्याला. पाळणा हलवावा तसं तो पडल्या पडल्या चाक हलवत असे. आबा गेले तेव्हा तो गाढ झोपलेला होता आणि तरीही अंगठा हलत होता म्हणे. अंगठ्याचं मी गावकऱ्यांच्या तोंडून ऐकलं, तेव्हा त्यात थोडी भर असेलच. पण महिनाभर आबांना कुणी अंगाई गाऊन झोपवलं, ते सगळ्या पाथरीला कळलं.

त्याच दिवशी आबा परत आले. माफी वगैरे शब्द त्यांच्या घराण्यात नव्हता. उभ्या उभ्याच म्हणाले, "तुमच्या परसात भेंडी लय झाली म्हनं. गडी मोकळाच आसंल आता."

पेशकारसाहेबांनी सटवाला हाक मारली. सटवा हात पुसत आला. त्यानं आबांकडं पाहिलं आणि एवढंच विचारलं, "वंगनाचं कसं?"

आबांनी मिशीला हात लावला. "लाव. पर पेशकारसायबांनी सांगितलं म्हून न्हाई. बैलाला जड जातंय म्हून लाव."

"आन् तुमी झोपनार कसं?"

"बघतो की माझं मी. तू चल."

सटवाचं साल जुळलं. त्यानं घोंगडी गुंडाळली, काकूंच्या पाया पडला. काकूंनी त्याच्या उपरण्यात भेंड्या बांधून दिल्या आणि डोळ्यांना पदर लावला. पेशकारसाहेब ताठ उभे होते. "जा. काम नीट कर," असं कचेरीतल्या आवाजात म्हणाले, आणि तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत तिथंच उभे राहिले.

आता चाक मुकं होतं आणि ओटा रिकामा होता. जन्मभर मागितलेली शांतता पेशकारसाहेबांना अखेर मिळाली. सकाळी मी मोठ्या उत्सुकतेनं बाहेर आलो. ते सटवाच्या जागेवर बसले होते. डोळे लाल.

"किती आवाज झाले रात्री?"

"एकबी न्हाई."

"मग झोप लागली असेल."

"न्हाई लागली, मास्तर." त्यांनी ओट्यावरून हात फिरवला. "खिडकीतून काहीच येईना. मनात येतं, पोराला काही झालं तर न्हाई? दोनदा उठून बघून आलो. बाहेर आल्यावर याद येते, तो गेलाय."

त्या घरात मूलबाळ नव्हतं. हे मी इतका वेळ सांगितलं नाही, कारण तिथं ते कुणीच बोलत नसे. आणि ज्याला ते पोर म्हणत होते, त्याच्या मिशा पिकायला लागल्या होत्या. मी शाळेची वेळ झाल्याचं सांगितलं.

संध्याकाळी मी जेवून हात धूत होतो. पेशकारसाहेब दारात आले. अंगात शेरवानी, गळ्यापर्यंत गुंड्या. म्हणजे चौकशी सरकारी होती.

"मास्तर, तुमी घोरता का?"

"नाही बुवा," मी म्हणालो.

आतून आमच्या घरच्यांनी खाकरल्याचा आवाज आला. पेशकारसाहेबांनी तो बरोबर टिपला.

"मग ओट्यावर झोपत चला. मिरगाचा पाऊस येईपर्यंत. बाज आमी देतो."

त्या रात्री मी ओट्यावर, त्यांच्या खिडकीखाली निजलो. मी घोरलो की नाही, ते मला माहीत असायचं कारण नाही. सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर पेशकारसाहेब बाहेर आले. डोळे स्वच्छ होते. मी विचारलं, कशी काय झोप?

त्यांनी गुंडी लावता लावता थोडा विचार केला, अन्याय होऊ नये म्हणून.

"सटवाची सर न्हाई," ते म्हणाले. "पण चालंल."